अफगाण युद्धाची पदके

पदक ही तशी लहानशी वस्तू. दोन-अडीच तोळे रुपे, त्यावर थोडासा तांबडा मिना आणि वर रेशमी फितीचा दोन बोटांचा तुकडा, एवढाच तिचा ऐवज. सोनाराच्या तागडीत घालून तिचे मोल करू गेल्यास हाती फारसे काही लागावयाचे नाही. असे असूनही तिच्यासाठी माणसे जिवावर उदार होतात आणि मिळाल्यावर तिला प्राणापलीकडे जपतात. तेव्हा पदकाचे मोल धातूत नसते, हे उघड आहे. पदक ही एक प्रकारची हुंडीच होय. हुंडीच्या कागदाला स्वतःची किंमत नसते. ज्या व्यवहारापोटी ती लिहिली गेली तो व्यवहार आणि ज्या पेढीने ती लिहून दिली त्या पेढीची पत, या दोहोंवर ती चालते. पदकालाही असेच दोन आधार असतात. ज्याने ते मिळविले त्याचे कृत्य हा एक आधार, आणि ज्या सत्तेने ते दिले तिची पत हा दुसरा.

एरवी हे दोन आधार एकमेकांत इतके मिसळून गेलेले असतात की, ते दोन आहेत हेही कोणाच्या ध्यानात येत नाही. अफगाणिस्तानात १९७९ ते १९८९ या काळात जे युद्ध झाले, त्यात दिल्या गेलेल्या पदकांच्या बाबतीत मात्र त्यांची फारकत झाली. ही पदके दोन राज्यांनी दिली होती. एक सोव्हिएत संघ, दुसरे काबूलमधील त्याचे मित्र सरकार. अखेरचा सोव्हिएत सैनिक परतल्यानंतर सव्वातीन वर्षे लोटण्याच्या आतच ही दोन्ही राज्ये नाहीशी झाली. पेढ्या बुडाल्या आणि हुंड्या लोकांच्या हाती राहिल्या. त्या हुंड्यांचे पुढे काय झाले, हा या युद्धाच्या इतिहासातील एक विचार करण्याजोगा भाग आहे.

युद्धाची हकीकत थोडक्यात अशी. १९७८ च्या एप्रिलमध्ये काबूलमध्ये लष्करी उठाव होऊन साम्यवादी पक्षाच्या हाती सत्ता आली. नव्या राज्यकर्त्यांनी घाईघाईने आणि बळजबरीने जे बदल सुरू केले, त्यांविरुद्ध ग्रामीण अफगाणिस्तान पेटून उठला, आणि पक्षातही आपसांत रक्तपात सुरू झाला. १९७९ च्या डिसेंबरअखेर सोव्हिएत फौजा अमूदर्या ओलांडून आत शिरल्या. २७ डिसेंबरच्या रात्री काबूलजवळच्या ताजबेग राजवाड्यावर हल्ला होऊन सत्ताधीश हफीझुल्ला अमीन मारले गेले आणि बाब्राक कारमाल यांना गादीवर बसविण्यात आले. या फौजांचे अधिकृत नाव ‘मर्यादित तुकडी’ असे होते. पण ती मर्यादा एक लाख सैनिकांच्या घरात होती आणि तिचा मुक्काम नऊ वर्षांहून अधिक काळ लांबला. या अवधीत सहा लाखांहून अधिक सोव्हिएत स्त्रीपुरुष त्या देशात जाऊन आले आणि सुमारे पंधरा हजार परत आले नाहीत.

सोव्हिएत संघात सन्मानांची एक पक्की उतरंड होती. तिच्या शिखरावर ‘सोव्हिएत संघाचा वीर’ हा किताब होता. तो १९३४ साली निर्माण झाला आणि पहिल्याने लाभला तो योद्ध्यांना नव्हे, तर आर्क्टिक सागराच्या बर्फात अडकलेल्या ‘चेल्युस्किन’ जहाजावरील लोकांना सोडविणाऱ्या सात वैमानिकांना. या किताबाबरोबर सोन्याची पंचकोनी तारका आणि ‘ऑर्डर ऑफ लेनिन’ हे सर्वोच्च मानचिन्ह देण्यात येई. भारतीयांना ही तारका अपरिचित नाही. १९८४ साली अंतराळात जाऊन आलेल्या राकेश शर्मा यांच्या छातीवर ती झळकली होती. अफगाण युद्धात ती ऐंशीहून अधिक जणांना मिळाली आणि त्यांतल्या कित्येकांना मरणोत्तर मिळाली.

त्याखालोखाल ‘लाल निशाण’ हे मानचिन्ह येई. १९१८ च्या यादवी युद्धात, क्रांती अजून तग धरते की नाही याची शाश्वती नसताना, ते प्रथम निघाले. म्हणून त्याचा मान वेगळा होता. त्यानंतर १९३० साली सुरू झालेला ‘लाल तारा’. रुप्याच्या पाच पाकळ्या, त्यांवर माणकाच्या रंगाचा मिना आणि मध्यभागी बंदूक घेतलेला पायदळाचा शिपाई, असे त्याचे रूप होते. तो फितीवर लोंबत नसे. गणवेशाच्या उजव्या बाजूस मळसूत्राने घट्ट बसविलेला असे. अफगाण युद्धातील अधिकाऱ्यांच्या आणि शिपायांच्याही छायाचित्रांत हा लाल तारा वारंवार दिसतो. त्या युद्धाचे चिन्ह कोणते असे विचारल्यास पुष्कळांच्या डोळ्यांपुढे तोच उभा राहील.

मानचिन्हांच्या खाली पदके. त्यांत साध्या शिपायाला सर्वांत प्रिय असलेले पदक म्हणजे ‘शौर्यासाठी’. ते १९३८ साली निघाले. सदतीस मिलिमीटर व्यासाच्या रुपेरी चकतीवर वरच्या अंगास तीन विमाने, खाली एक अवजड रणगाडा आणि मध्ये तांबड्या मिन्याने भरलेली ‘शौर्यासाठी’ ही अक्षरे. त्यावर ना कोणा नेत्याचा मुखवटा, ना कसले घोषवाक्य. ते कचेरीत बसून मिळत नसे, हुद्द्यामुळे मिळत नसे, वर्षे भरली म्हणूनही मिळत नसे; प्रत्यक्ष लढाईत अंगावर संकट घेतल्याशिवाय ते मिळावयाचे नाही, असा त्याचा लौकिक होता. दुसऱ्या महायुद्धात ते चाळीस लाखांहून अधिक वेळा दिले गेले, तरीही त्याची किंमत उतरली नाही. ज्या अफगाण सैनिकांना ते मिळाले, त्यांना आपल्या आजोबांच्या छातीवरचे पदकच आपल्याही छातीवर आल्यासारखे वाटले असल्यास नवल नाही. त्याच वर्षी निघालेले ‘रणसेवेसाठी’ हे पदक याहून खालच्या पायरीचे. दारूगोळा पोहोचविणारे, जखमींची शुश्रूषा करणारे, दळणवळण राखणारे अशांच्या वाट्याला ते अधिक येई.

एकंदर दोन लाखांहून अधिक सोव्हिएत लोकांना या युद्धात मानचिन्हे किंवा पदके देण्यात आली आणि त्यांपैकी जवळजवळ अकरा हजारांना ती मरणोत्तर मिळाली. ‘लाल तारा’ किंवा ‘शौर्यासाठी’ हे पदक हाती पडले, पण ते ज्याचे तो मात्र जस्ताच्या शवपेटीतून परतला, अशी ती हजारो घरे होत.

ही उतरंड जुनी होती. तिचे वैभव ज्या युद्धातून आले, ते युद्ध मात्र या युद्धाहून सर्वस्वी निराळे होते. १९४१ ते १९४५ च्या संग्रामात शत्रू मॉस्कोच्या वेशीपर्यंत आला होता, आणि कोणते कृत्य कशासाठी केले हे शाळकरी पोरालाही कळत होते. वृत्तपत्रे वीरांची नावे व पराक्रम मोठ्या अक्षरांत छापीत. अफगाणिस्तानात नेमके उलट झाले. पहिली काही वर्षे तेथे युद्ध चालू आहे हेच सोव्हिएत जनतेला उघडपणे सांगितले जात नव्हते. फौजा शाळा बांधीत आहेत, झाडे लावीत आहेत, अशी वृत्ते येत. ताजबेगच्या हल्ल्यात पडलेले कर्नल ग्रिगोरी बोयारिनोव यांना ‘सोव्हिएत संघाचा वीर’ हा किताब मरणोत्तर देण्यात आला. पण तो कोणत्या पराक्रमासाठी, हे जाहीर होणे शक्यच नव्हते. पडलेल्या सैनिकाच्या थडग्यावर तो ‘आंतरराष्ट्रीय कर्तव्य बजावीत असता’ मृत्यू पावला, एवढेच कोरले जाई. पराक्रमाची ग्वाही देणे हेच ज्याचे काम, त्या पदकालाच मौन पाळावे लागावे, ही या युद्धातील पहिली विसंगती.

पुढे हे मौन हळूहळू सुटले. १९८८ च्या जानेवारीत गर्देझहून खोस्तकडे जाणारा रस्ता खुला करण्याची मोहीम चालू असता ३२३४ मीटर उंचीच्या एका टेकाडावर ३४५ व्या छत्रीधारी रेजिमेंटच्या नवव्या कंपनीचे एकोणचाळीस जवान ठाण मांडून होते. ७ तारखेच्या दुपारपासून दुसऱ्या दिवशीच्या पहाटेपर्यंत त्यांच्यावर हल्ल्यामागून हल्ले झाले. टेकाड हातचे गेले नाही. सहा जण पडले. व्याचेस्लाव अलेक्सांद्रोव आणि आंद्रेई मेल्निकोव या दोघांना मरणोत्तर वीर किताब मिळाला, आणि इतर सर्वांना ‘लाल निशाण’ वा ‘लाल तारा’ मिळाला. पण रस्ता खुला राहिला तो थोडेच दिवस. मोहीम आटोपून फौजा मागे फिरल्या आणि खोस्तभोवतीचा वेढा पुन्हा पूर्ववत झाला. त्या रात्रीचे शौर्य खरे होते. ज्यासाठी ते खर्ची पडले तो लाभ मात्र हातात टिकला नाही. या युद्धातील पदकांची सारी शोकांतिका त्या एका टेकाडावर साठली आहे, असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

पदके कोणाच्या छातीवर गेली, हेही पाहण्यासारखे आहे. सोव्हिएत सैन्य हे अनेक जातीजमातींचे होते. १९८२ साली वीर किताब मिळविणारे रुस्लान आउशेव हे इंगुश. १९४४ साली स्टालिनच्या हुकमाने हा अख्खा समाज आपल्या डोंगराळ मुलुखातून उचलून मध्य आशियात नेऊन टाकण्यात आला होता, आणि आउशेव यांचा जन्मही कझाकस्तानातील त्या वनवासातच झाला. ज्या राज्याने बापाला देशोधडीला लावले, त्याच राज्याने मुलाच्या छातीवर सुवर्णतारका लावली. पदक हे केवळ पराक्रमाचे बक्षीस नसते, तर विस्कटलेली माणसे राज्याशी बांधून ठेवणारा तो एक धागाही असतो, हे यावरून दिसून येते.

आता दुसरी पेढी. फार्सीत मानचिन्हाला ‘निशान’ म्हणतात. मराठीत आपण ज्याला निशाण आणि निशाणी म्हणतो, तोच हा शब्द. अफगाणिस्तानात निशाने देण्याची प्रथा राजेशाहीतही होती. काबूलच्या नव्या सरकारने जुनी निशाने बाजूस सारून सोव्हिएत धर्तीवर आपली नवी उतरंड उभारली. ‘स्वातंत्र्यसूर्य’, ‘सौर क्रांती’, ‘लाल निशाण’, ‘तारा’, ‘शौर्यासाठी’, ‘कीर्ती’ ही त्यांतली काही नावे. यांतील ‘सौर’ शब्दाने मराठी माणसाचा सहज गैरसमज व्हावा. हा सूर्यावरून आलेला आपला सौर नव्हे. अफगाण पंचांगातील दुसऱ्या महिन्याचे हे नाव असून त्याचा मूळ अरबी अर्थ बैल, म्हणजे आपल्या राशिचक्रातील वृषभ. १९७८ चा उठाव त्या महिन्याच्या सातव्या दिवशी झाला, म्हणून ती ‘सौर क्रांती’.

नावे वाचली की एक गोष्ट लगेच लक्षात येते. ‘सूर्य’ आणि महिन्याचे नाव वगळता बाकीची परिभाषा मॉस्कोहून आलेली आहे. लाल निशाण, तारा, कीर्ती, शौर्य ही सारी सोव्हिएत मानचिन्हांची भाषांतरे वाटतात. ही मानचिन्हे अफगाण सैन्यातील अधिकाऱ्यांना मिळत, तशीच सोव्हिएत सल्लागारांना, वैमानिकांना आणि सेनाधिकाऱ्यांनाही मिळत. १९८१ साली ‘स्वातंत्र्यसूर्य’ हे सर्वोच्च मानचिन्ह खुद्द लिओनिद ब्रेझनेव यांना अर्पण करण्यात आले. फौजा पाठविण्याचा निर्णय ज्यांच्या अध्यक्षतेखाली झाला, त्यांनाच स्वातंत्र्याच्या सूर्याचा मान मिळावा, यावर अधिक भाष्य करण्याची आवश्यकता नाही.

या सन्मानांत एक मात्र असा आहे की, ज्याला युद्धाचा डाग लागलेला नाही. अब्दुल अहद मोमंद हा अफगाण वैमानिक १९८८ च्या ऑगस्टअखेर सोव्हिएत यानातून ‘मीर’ या अंतराळस्थानकात गेला. परतीच्या वेळी यंत्रणेत बिघाड झाल्याने त्याला आणि त्याच्या सहकाऱ्याला एक दिवस अरुंद यानात अडकून राहावे लागले. पण दोघे सुखरूप उतरले. मोमंद याला ‘सोव्हिएत संघाचा वीर’ आणि अफगाणिस्तानचा वीर असे दोन्ही किताब मिळाले. पुढे काबूलमधील सरकार कोसळल्यावर या दुहेरी वीराला जर्मनीत आश्रय घ्यावा लागला.

ज्या वर्षी मोमंद अंतराळात गेला, त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये जिनेव्हा येथे करार झाले आणि १५ मे रोजी सोव्हिएत फौजा परतू लागल्या. त्याच मे महिन्यात नजीबुल्ला यांच्या सरकारने परतणाऱ्या सैनिकांसाठी एक पदक काढले. त्याचे नाव होते ‘आंतरराष्ट्रीयतावादी योद्ध्यास कृतज्ञ अफगाण जनतेकडून’. अफगाणिस्तानात सेवा केलेल्या सोव्हिएत सैनिकांना ते सरसकट देण्यात आले. त्यात टेकाड राखणारा आणि भटारखाना सांभाळणारा, दोघे सारखेच. त्या डिसेंबरात सोव्हिएत राज्यानेही आपल्या बाजूने ‘आंतरराष्ट्रीयतावादी योद्धा’ हा बिल्ला व सोबत एक प्रशस्तिपत्र देण्याचे ठरविले.

पहिल्या पदकाच्या नावातील ‘कृतज्ञ अफगाण जनतेकडून’ हे शब्द क्षणभर थांबून वाचण्यासारखे आहेत. त्या वेळी त्या जनतेतील पन्नास लाखांहून अधिक माणसे पाकिस्तानात आणि इराणात निर्वासित म्हणून दिवस काढीत होती. युद्धात मेलेल्या अफगाणांची नेमकी मोजदाद कोणीच ठेवली नाही. अनेक अंदाज दहा लाखांच्या आसपास जातात. कृतज्ञता होती ती एका सरकारची. त्या सरकारवर विसंबून शाळेत जाऊ लागलेल्या शहरी मुली, त्याच्या सैन्यातले शिपाई आणि कारकून हेही अफगाणच होते, आणि फौजा गेल्यावर आपले काय होईल ही त्यांची भीती खोटी नव्हती. पण सबंध जनतेच्या नावाने हुंडी लिहिण्याचा अधिकार मूठभरांना नसतो.

अफगाण भूमीवर हे पहिल्यानेच घडले असेही नाही. १८३९ साली इंग्रजांनी शाह शुजा याला फौजेच्या बळावर काबूलच्या गादीवर बसविले. त्या स्वारीत मुंबई इलाख्याचे सैन्य होते, आणि २३ जुलै रोजी गझनीचा किल्ला सर झाला तेव्हा त्यातील देशी शिपायांनीही तेथे रक्त सांडले. गादीवर बसविल्याची उतराई म्हणून शाह शुजाने इंग्रज अधिकाऱ्यांसाठी ‘दुराणी साम्राज्य’ नावाचे मानचिन्ह काढले, आणि गझनी जिंकणाऱ्या सर्वांसाठी, गोऱ्या व देशी शिपायांसह, एक रुप्याचे पदक द्यावयाचे ठरविले. पण पदक हाती पडण्यापूर्वीच, १८४२ साली, इंग्रजांची एक फौज काबूलहून परतताना बर्फात गारद झाली आणि शाह शुजाचा खून झाला. अखेर ते पदक हिंदुस्थान सरकारला आपल्या नावाने वाटावे लागले. त्या युद्धातील मृतांच्या स्मरणार्थ बांधलेले ‘अफगाण चर्च’ मुंबईत कुलाब्याला आजही उभे आहे. परक्या फौजेने गादीवर बसविलेल्या राजाने त्याच फौजेला पदक द्यावे, ही रीत त्या मुलुखात अशी दीडशे वर्षांची जुनी होती.

१५ फेब्रुवारी १९८९ रोजी जनरल बोरिस ग्रोमोव अमूदर्येवरील पूल ओलांडून पलीकडे गेले आणि सोव्हिएत फौजांचे युद्ध संपले. त्याच वर्षीच्या २४ डिसेंबरला सोव्हिएत लोकप्रतिनिधींच्या महासभेने अफगाणिस्तानात फौजा पाठविण्याचा निर्णय नैतिक आणि राजकीय दृष्ट्या निषेधार्ह होता, असा ठराव केला. ज्या राज्याने पदके दिली, त्याच राज्याने ती ज्या कामासाठी दिली ते काम चुकीचे होते असे म्हटले. ठरावाने सैनिकांना दोष दिला नाही; पण लाकडी पायाने घरासाठी, पेन्शनीसाठी कचेऱ्यांच्या पायऱ्या चढणाऱ्या सैनिकाला ‘आम्ही तुम्हांला तिकडे पाठविले नव्हते’ हे कारकुनी उत्तर ऐकावे लागे. हे एक वाक्य त्या पिढीच्या मनात असे रुतले की, त्याला म्हणीचे रूप आले.

१९९१ च्या डिसेंबरात सोव्हिएत संघ विसर्जित झाला. १९९२ च्या एप्रिलमध्ये नजीबुल्ला यांचे सरकार पडले, आणि १९९६ साली तालिबानने काबूल घेताच त्यांना ठार करून त्यांचे प्रेत भर चौकात लटकाविले. काबूलमध्ये ‘स्वातंत्र्यसूर्य’ आणि ‘सौर क्रांती’ ही निशाने आता मिरविण्याची राहिली नाहीत, लपविण्याची झाली. इकडे मॉस्कोत महागाईने गांजलेल्या त्या वर्षांत आरबात रस्त्यावर आणि जुन्या बाजारांत सोव्हिएत पदके परदेशी प्रवाशांना विकली जाऊ लागली. रशियन कायद्याने अशी खरेदी-विक्री हा गुन्हा ठरविला आहे. पण भूक कायदा वाचीत नाही.

आणि तरीही सर्व हुंड्या बुडाल्या नाहीत. सोव्हिएत मानचिन्हांच्या पाठीमागे एक क्रमांक कोरलेला असे आणि मानकऱ्याला मिळणाऱ्या लहानशा पुस्तिकेत तोच क्रमांक नोंदलेला असे. तो क्रमांक दफ्तरात शोधला की, हा ‘लाल तारा’ कोणाचा, कोणत्या पलटणीतील, कोणत्या कृत्यासाठी, हे सापडू शकते. राज्य गेले तरी ती नोंद राहिली. नव्या रशियाने ‘लाल तारा’ बंद केला, मात्र ‘शौर्यासाठी’ हे पदक १९९४ साली आपलेसे करून चालू ठेवले. विमाने तीच, रणगाडा तोच, अक्षरे तीच. खालची ‘सोव्हिएत संघ’ ही आद्याक्षरे तेवढी पुसली. देणाऱ्याचे नाव गेले आणि कृत्याचे नाव राहिले, ही गोष्ट पुष्कळ काही सांगून जाते.

ज्यांच्याशी हे युद्ध झाले, त्या डोंगरांतल्या बंडखोरांजवळ पदके नव्हतीच. त्यांचा मान त्यांच्या गावात आणि टोळीत, गोष्टींत आणि कबरींवरच्या रंगीत फडक्यांत राहिला. त्यांच्यातील पंजशीरचा सेनानी अहमदशाह मसूद २००१ साली मारला गेल्यावर काबूलमधील तेव्हाच्या सरकारने त्याला राष्ट्रवीर म्हणून गौरविले. पुढे तेही सरकार २०२१ साली गेले. त्या भूमीत पेढ्या फार काळ टिकत नाहीत.

दरवर्षी १५ फेब्रुवारीला रशिया, बेलारूस आणि इतर काही जुन्या सोव्हिएत देशांत त्या युद्धातून परतलेली माणसे एकत्र जमतात. आता ती साठीच्या आसपासची वा त्यापुढची आहेत आणि निरनिराळ्या देशांची नागरिक आहेत. मिन्स्कमध्ये नदीतील ‘अश्रूंच्या बेटा’वर जे स्मारक आहे, त्यावर सेनापती नाहीत, तोफा नाहीत, आपल्या मुलांची वाट पाहणाऱ्या आया आहेत. तेथे येणाऱ्यांच्या कोटावर ‘लाल तारा’ असतो, ‘शौर्यासाठी’ असते आणि शेजारीच ‘कृतज्ञ अफगाण जनते’चे पदकही असते. पहिली दोन पदके सोबत्यासाठी पुढे झालेल्या एका माणसाची आठवण देतात. तिसरे पदक एका राज्याने दुसऱ्याच्या नावाने केलेला दावा सांगते. तिघांची जागा एकाच छातीवर असली, तरी त्यांचे मोल एक नाही. राज्याने एखाद्या कृत्याला सन्मान दिला म्हणजे ज्या कारणासाठी ते घडले ते कारण न्याय्य ठरत नाही. आणि कारण न्याय्य नव्हते म्हणून बर्फाळ टेकाडावर सोबत्याला न सोडणाऱ्या वीस वर्षांच्या पोराचे धैर्यही खोटे ठरत नाही. या दोन गोष्टींचा हिशेब वेगवेगळ्या वह्यांत मांडावा लागतो, हीच अफगाण युद्धाच्या पदकांची शिकवण होय.